उंटांचा बाक

गेल्या वर्षी जूनमधल्या एका शनिवारी दुपारी, मध्य लंडनमध्ये, सांगलीहून मुलाकडे आलेल्या एक बाई हरवल्या. वय सत्तरीच्या आसपास. मधुमेह होता आणि सकाळी इन्सुलिन घेतलेलं होतं. जवळ फोन, पैसे किंवा पत्ता यांतलं काहीच नव्हतं. इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. त्या ज्यांच्या भरवशावर बाहेर पडल्या होत्या ते गृहस्थ लंडनच्या पिनर उपनगरातले माझे घरमालक. सकाळपासून त्यांनी बाईंना लंडनमधल्या एकाही जागेचं नाव सांगितलेलं नव्हतं, आणि हे चुकून झालेलं नव्हतं. ती त्यांची पद्धत होती.

मी त्यांच्या घरातल्या वरच्या खोलीत तीन वर्षं भाड्याने राहिलो. सगळे त्यांना काका म्हणत. मूळचे साताऱ्याचे. शिकायला इंग्लंडमध्ये आले, एका कौन्सिलच्या प्लॅनिंग ऑफिसात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पत्नी मी राहायला येण्याआधीच वारल्या होत्या. मुलगी मँचेस्टरला, ती दर रविवारी फोन करायची. उंच, किंचित वाकलेले, इस्त्रीची पँट आणि तिच्याखाली डोंगर चढायचे बूट. त्या जूनआधीच्या वसंतात उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून हातात काठी आली. त्याआधी छत्री असायची. पाऊस असला तरी ती उघडत नसत, कारण मागच्या माणसांना दिसायला ती मिटलेलीच बरी, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी होती. स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर ‘तूरडाळ’, ‘मूगडाळ’, ‘ही साखर नव्हे’. जिन्याजवळच्या बटणावर ‘बाहेरचा दिवा’, शेजारच्या बटणावर ‘याने काही होत नाही’. सगळ्या चिठ्ठ्या मराठीत, पत्नीच्या अक्षरात. एखादी सुटली तर ते तीच पुन्हा डिंकाने चिकटवत. नवी कधी लिहीत नसत. कॉफीच्या बरणीवरची चिठ्ठी हरवली तेव्हापासून ती बरणी कोरी राहिली आणि काका चहा पिऊ लागले.

उन्हाळा सुरू झाला की पिनर-हॅरो भागात मुलांकडे आई-वडील येतात. मुलं कामावर, नातवंडं शाळेत. दिवसभर घरात बसून कंटाळलेल्या या मंडळींना काका दर शनिवारी लंडन दाखवायला नेत. एका वेळी आठ-दहा जण. पैसे घेत नसत. नियम मात्र होते आणि ते निघण्याआधी पिनर स्टेशनच्या फलाटावर सांगितले जात.

पहिला नियम, समोर काय आहे ते काका सांगणार नाहीत आणि कोणी विचारायचं नाही. इंग्रजी वाचता येत असेल त्यांनी पाट्यांकडे बघू नये. दुसरा, फोन पिशवीत. तिसरा, नवरा-बायकोने बरोबर चालायचं नाही. काका जोड्या फोडत. नवरा पुढच्या तुकडीत, बायको मागच्या, प्रत्येकाला परका जोडीदार. बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवरा देतो, असा त्यांचा अनुभव होता. संध्याकाळी परतायच्या आधी सगळ्यांनी कुठेतरी बसायचं आणि प्रत्येकाने आज काय दिसलं ते सांगायचं. कुठे गेलो ते नाही, काय दिसलं ते.

“नाव सांगितलं की बघणं संपतं,” असं ते म्हणत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे. यामागे एक हकीकत होती. लंडनमधल्या पहिल्या रविवारी थोरल्या भावाने त्यांना शहरभर फिरवलं, बोट करून एकेक नाव सांगितलं. रात्री साताऱ्याला पत्र लिहायला बसले तर पानभर नावं झाली आणि पुढे लिहायला काही उरलं नाही.

पुष्कळांना हा विक्षिप्तपणा वाटे. एका निवृत्त बँक मॅनेजरांनी रुमालाखाली फोन धरून नकाशा पाहिला आणि मागच्यांना हळूच इमारतीचं नाव सांगितलं. काकांनी वाद घातला नाही. त्यांना बेकर स्ट्रीटपर्यंत सोडलं, मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत बसवलं आणि मुलाला पिनर स्टेशनवर घ्यायला या म्हणून कळवलं. मॅनेजर पुढच्या शनिवारी पुन्हा आले. या वेळी फोन घरी ठेवून.

काहींना पद्धत पहिल्याच दिवशी जमे. रत्नागिरीच्या एका बाई पुलावर थांबून बराच वेळ खाली बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ही नदी कसली, ही तर खाडी, भरती लागली आहे. काकांनी काठीने दोनदा जमीन ठोकली. त्यांच्याकडून मिळणारं हे सर्वांत मोठं कौतुक. ओहोटीपर्यंत त्यांनी सगळ्या तुकडीला तिथेच थांबवून ठेवलं. कोल्हापूरच्या एका हेडमास्तरांनी मोठ्या घड्याळाबद्दल सांगितलं, की खाली उभे असलेले सगळे त्याचे फोटो काढतात आणि वेळ मात्र फोनमध्ये बघतात. त्यांच्यासाठी काठी एकदाच वाजली.

काकांच्या मुलीला हे सगळं पसंत नव्हतं. कोणाला काही झालं तर जबाबदार कोण, असं ती दर रविवारी विचारी. ते म्हणत, “अगं, दहा माणसं, एक गाव. काय होणार आहे?”

त्या शनिवारी नऊ जण होते. गुडघ्यामुळे काकांना पाण्याच्या बाटल्या उचलता येत नव्हत्या, म्हणून मी बरोबर गेलो. सांगलीच्या जोडप्यातले यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या खांद्याला आडवी लावलेली काळी पिशवी होती. दोघांचे पासपोर्ट, दोघांचे फोन, औषधं, पैसे, मुलाच्या घराची किल्ली, दोन केळी, सगळं तिच्यात. घर सोडलं की वस्तू एकाच माणसाकडे असाव्यात, म्हणजे हरवत नाहीत, हे त्यांचं धोरण. बाईंच्या हातात रुमाल होता. फलाटावर काकांनी जोड्या फोडल्या आणि पिशवी पुढच्या तुकडीत गेली.

जुन्या राजवाड्यासमोरच्या बागेत दुपारचं खाणं झालं. सगळ्यांनी डबे उघडले. बाईंनी फक्त पाणी घेतलं. काकांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, आज संकष्टी आहे, फराळ सकाळीच झालाय. तो झालेला नव्हता. हे नंतर त्यांनीच सांगितलं. सून आदल्या रात्री उशिरा कामावरून आली, तिला साबुदाणा भिजवायला सांगणं त्यांच्या जिवावर आलं. एका दिवसाने काय होतंय, असं त्यांनी ठरवलं. यजमानांना खाल्लं म्हणून सांगितलं आणि त्यांनी नेहमीएवढं इन्सुलिन दिलं.

त्याच बागेत काकांनी बाईंना विचारलं, सकाळपासून काय दिसलं. आपल्याला कोणी विचारेल अशी त्यांची अपेक्षा नसावी. त्यांनी आधी यजमानांकडे पाहिलं. ते दूर, दुसऱ्या बाकावर होते. मग त्या म्हणाल्या, “त्या घोड्यावरच्या शिपायाला हलायची परवानगी नाही, पण घोड्याला आहे.” थोडं थांबून, “आणि त्या मोठ्या घराला एवढ्या खिडक्या, एकही उघडी नाही. आत कोणी राहतं का भाऊजी?”

काठी दोनदा वाजली.

त्यानंतर आम्ही मोठ्या रस्त्यावर आलो तेव्हा मोर्चा चालला होता. शनिवारी तो असतोच. झेंडे, ढोल, मुलांच्या गाड्या ढकलणाऱ्या आया. पिवळ्या जाकिटातले स्वयंसेवक थोड्या-थोड्या लोकांना रस्ता ओलांडू देत होते. पुढची तुकडी पलीकडे गेली, मागची अडली. मोर्चा लांबत गेला. शेवटी मागची माणसं आली तेव्हा त्यांत बाई नव्हत्या. त्यांच्या जोडीदारीण, नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या की त्यांना घाम येत होता, झाडं दिसतात तिकडे जरा टेकते म्हणाल्या, मग गर्दी मध्ये आली. यांना वाटलं, त्या ओलांडून गेल्या.

यजमानांनी पिशवी घट्ट धरली. त्यांच्या लक्षात पहिल्यांदा काय आलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ते म्हणाले, “तिचा फोन माझ्याकडे आहे.” मग, “तिचं सगळंच माझ्याकडे आहे.”

आम्ही जवळच्या दोन रस्त्यांवर शोधलं. पोलिसांना सांगितलं. त्यांनी वर्णन लिहून घेतलं, हिरवी साडी, पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि विचारलं की त्यांना जागेचं नाव सांगता येईल का. काकांनी नाही म्हणून सांगितलं. यजमान काकांसमोर येऊन उभे राहिले.

“तुम्ही एक नाव सांगितलं असतं तिला. एक. ते तिने कुणालाही विचारलं असतं.”

काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

“तुमच्या खेळापायी झालंय हे.”

“हो,” काका म्हणाले.

त्यानंतर थोड्याच वेळात बाईंच्या मुलाचा पिनरहून माझ्या फोनवर फोन आला. आई सापडली, तो म्हणाला, लंडन ब्रिजला आहे, मी पोलिसांना रिंग करून लोकेशन दिलंय, तुम्ही तिकडे जा, मी ट्रेनमध्ये बसतोय. हे त्याला कसं कळलं ते काकांनी विचारायला लावलं. बाईंनी एका परक्या माणसाच्या फोनवरून मिरजेच्या थोरल्या बहिणीला फोन केला होता. तो एकच नंबर त्यांना पाठ होता. बोलणं मिनिटभर झालं असेल. बहिणीने मुलाला कळवलं. मुलाने त्या परक्या नंबरवर फोन केला. तो माणूस प्रवासी होता, त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि तो एव्हाना भुयारी गाडीत शिरत होता.

यजमान टॅक्सीला हात करायला निघालेच होते. काकांनी काठी आडवी धरली आणि मला मिरजेचा नंबर लावायला सांगितलं. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजून गेले असतील. फोन मी दोघांच्या मध्ये धरला होता. पुढचं बोलणं मी ऐकलेलं आहे.

काकांनी नमस्कार करून विचारलं, “ताई, लंडन ब्रिज हे शब्द त्या बोलल्या का?”

बहीण म्हणाली, पुलाजवळ आहे म्हणाली.

“लंडन ब्रिज म्हणाल्या?”

“अहो, पूल म्हणाली. लंडनचा पूल तोच ना?”

“ताई, तुम्हाला काय वाटलं ते नको. त्या काय बोलल्या ते सांगा. जसंच्या तसं.”

बहीण रडत-रडत, पण न अडखळता सांगू लागली. “अक्का, मी नदीकाठी बसलेय म्हणाली. बाकाच्या दोन्ही टोकांना उंट आहेत, काळे, लोखंडाचे. बसलेले. पाठीवर ओझं आहे. बाक ओट्यावर आहे, पायरी चढून बसले म्हणाली. उजव्या हाताच्या पुलावरनं आगगाडी जाते. डाव्या हाताच्या पुलावर लाल बसा. हात थरथरतात म्हणाली. आणि यांना सांग, केळं पिशवीत आहे.”

“उंट? पंख असलेली बाई नव्हे?”

“उंटच. ओझ्याला दोर बांधलाय म्हणाली.”

लंडन ब्रिज तिथून नदीच्या खालच्या अंगाला, शहराच्या दुसऱ्या भागात होता. पोलीस तिकडे निघाले होते. नदीच्या या काठावर पंखवाल्या बायांचे बाक आहेत आणि उंटांचेही आहेत. पाण्याकडे तोंड करून बसलं असता आगगाडी उजवीकडे आणि बस डावीकडे असा एकच पट्टा आहे. काकांनी हे आम्हाला समजावत वेळ घालवला नाही. त्यांनी यजमानांना काठीने रस्ता दाखवला. “या गल्लीतून खाली. पाणी दिसलं की ते उजव्या हाताला ठेवा. आगगाडीच्या पुलाखालून जा, मग उंट बघत जा. मी येतो मागून. माझ्यासाठी थांबू नका.” मिरजेचा फोन त्यांनी माझ्याकडून घेतला आणि आम्हाला पळायला सांगितलं.

यजमान पळाले. पिशवी त्यांच्या पाठीवर आपटत होती. पुलाखालच्या गर्दीतून बाहेर आल्यावर पहिला बाक पंखांचा निघाला, पुढचाही तसाच. त्यापुढे एका ओट्यावर हिरवी साडी दिसली. बाई उंटाच्या मानेला धरून बसल्या होत्या. शेजारी पळायच्या कपड्यातली एक तरुण मुलगी त्यांचा खांदा धरून होती. ती म्हणाली, अॅम्ब्युलन्स बोलावली आहे, मोर्च्यामुळे अडकली आहे. बाईंचा चेहरा घामाने भिजलेला. नजर आमच्यावर होती, पण ओळख पटायला उशीर लागला.

यजमानांनी पिशवीतून केळं काढलं, सोललं. मुलीने आपल्या कमरेच्या पट्ट्यातून गोड सरबताची छोटी पुडी काढून दिली. बाईंनी तोंड फिरवलं.

“संकष्टी आहे.”

“अगं, खा. डोळे मिटतायत तुझे.”

“चंद्रोदय झाल्यावर.”

जूनमध्ये लंडनला सूर्यच रात्री नऊनंतर मावळतो. त्या दिवशीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवायचा होता. यजमानांनी देवाची शपथ घातली. मुलाची घातली. शेवटी ते रागावले. बाईंनी ओठ मिटून घेतले. जीभ जड झाली होती, पण त्या जे बोलत होत्या ते त्यांना नीट कळत होतं. इतकी वर्षं एक चुकवली नाही, या गावात येऊन चुकवू का, एवढं त्या म्हणाल्या. मग मान उंटाच्या डोक्यावर टेकली.

काका आले तेव्हा फोन त्यांच्या कानाला होता. ते लंगडत होते आणि पायऱ्यांच्या थोडं अलीकडे थांबले. मी त्यांच्याकडे गेलो, कारण मला वाटलं ते पडतील. त्यामुळे पुढची वाक्यं मला ऐकू आली, बाकावरच्या कोणाला ती ऐकू येणं शक्य नव्हतं.

काकांनी विचारलं, “ताई, तुमच्याकडे चंद्र दिसतोय का?”

“नाही हो. पाऊस लागलाय. आणि अजून वेळ आहे.”

“दिसतोय म्हणून सांगा तिला.”

“मी कसं सांगू?”

“ताई, तुम्हीच सांगा. माझं ती ऐकणार नाही.”

त्यांनी पायऱ्या चढून फोन बाईंच्या कानाला लावला. बहिणीचा आवाज मोठा होता, तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “अगं, चंद्र दिसला. मी आत्ता गच्चीवर जाऊन अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला. तुझ्या नावानंही दिलं. तू आपली सांगलीची, तुला इथलाच चंद्र. सोड आता.”

बाईंनी डोळे उघडले. “ढग नाहीत?”

“नाहीत. स्वच्छ आहे.”

“कसा दिसतोय?”

काकांनी नदीकडे तोंड केलं. फोनवर क्षणभर फक्त आवाज येत होता, तो पावसाचा असावा. मग बहीण म्हणाली, “तांबूस आहे. एका बाजूनं झिजलेला. समोरच्या टाकीच्या वर आलाय.”

बाईंनी हात जोडले, रुमालाच्या टोकाने डोळ्यांना स्पर्श केला आणि तोंड उघडलं. आधी सरबत, मग केळं. अॅम्ब्युलन्स आली, बोटाला सुई टोचून साखर पाहिली गेली, ती वर चढत होती. अॅम्ब्युलन्सच्या माणसांनी हॉस्पिटलला यायची गरज नाही, पण जेवायची आहे, असं सांगितलं. धावणारी मुलगी निघून गेली. तिचं नाव कोणी विचारलं नाही.

मुलगा आला तेव्हा संध्याकाळ होत होती. तो काकांना बरंच बोलला. तुम्ही रिस्क असेसमेंट वगैरे काही करता का, असं त्याने विचारलं. काकांनी नाही म्हटलं. जायच्या आधी बाई काकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, तुम्ही आज बाकीच्यांना काय दिसलं ते विचारलंच नाहीत. काका म्हणाले, “आज नको, वहिनी.”

त्या शनिवारनंतर काकांनी तीन गोष्टी बदलल्या. प्रत्येकाकडे आपली पिशवी आणि तिच्यात आपलं खाणं. प्रत्येकाच्या खिशात काकांचा नंबर. आणि नवरा-बायको हवं तर बरोबर चालतील. नावं सांगायची नाहीत हा नियम राहिला. मँचेस्टरच्या मुलीने त्यांना शनिवार बंद करा म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या दोन शनिवारी कोणी आलं नाही. ते एकटे जाऊन आले. तिसऱ्या शनिवारी पिनरच्या फलाटावर सांगलीच्या बाई उभ्या होत्या, खांद्याला नवी निळी पिशवी लावून. यजमान बरोबर नव्हते.

त्या दिवशी परत येताना गाडीत त्यांनी काकांना विचारलं, “भाऊजी, अक्काला चंद्र खरंच दिसला होता का?”

काका खिडकीबाहेर बघत होते. गाडी पुढच्या स्टेशनात शिरली, दारं उघडली, मिटली. ते म्हणाले, “ते तुम्ही अक्कांना विचारा. मी तिथे नव्हतो.”

त्यांनी बहिणीला विचारलं की नाही, याची मला माहिती नाही. सप्टेंबरमध्ये काकांच्या घरी निरोप घेऊन त्या सांगलीला परतल्या. काकांच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या कोऱ्या बरणीवर आता एक चिठ्ठी आहे. अक्षर काकांच्या पत्नीचं नाही आणि काकांचंही नाही.

पंचांगाप्रमाणे त्या संकष्टीला मिरजेचा चंद्रोदय बहिणीच्या फोननंतर तासाभराहून अधिक वेळाने होता. त्या संध्याकाळी तिथे पाऊस सुरू होता आणि तो रात्रभर थांबला नाही.